वरून मोजलेलं पाणी

प्रिय शिल्पा,

आधी डबा उघड, मग वाच. खालच्या खणात धपाटे आहेत, ते आजच्या आज संपव. तिळाच्या पोळ्या आठवडाभर टिकतात, पण तुझ्या खोलीतल्या पोरी त्या टिकू देणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या वेगळ्या बांधल्यात. शेंगदाण्याची चटणी लई तिखट झाली, हात सैल सुटला. हा डबा ह्या वेळी नेहमीसारखा लातूरच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवून पाठवला नाही. तो कसा पोचला ते शेवटी सांगते. मध्येच शेवटचं पान उलटून बघू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

घरात दोन-दोन फोन असताना आई कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. बसू नको तर काय करू? फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "चांगलं चाललंय" म्हणतेस आणि मागून पोरींचा गलका ऐकू येतो, मग मलाही पुढचं काही विचारवत नाही. दसऱ्याला येऊन गेलीस ती गेलीसच. दिवाळीला म्हणालीस जादा तास आहेत. येळवशीला म्हणालीस टेस्ट आहे. अगं, येळवशीच्या अमावस्येला लातुरात रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळं शहर शेतात भज्जी खात आणि अंबील पीत बसलेलं असतं, आणि तुझ्या एकटीचीच टेस्ट? तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. नाही पडला. मी उलट शेजारणींना सांगितलं की बघा, सणाचंसुद्धा भान नाही पोरीला, एवढा अभ्यास. तू कशी आहेस, खरंच कशी आहेस, एवढंच मला विचारायचं आहे गं. पण त्याच्या आधी मला तुला गणित सांगायचं आहे. हास पोटभर.

दसऱ्याला तू चुलीजवळ बसून मला विचारलं होतंस ते आठवतं? म्हणालीस, आई, एक्सच्या जागी एक्स वजा दोन घातलं तर ग्राफ डावीकडं जायला पाहिजे ना, वजा म्हणजे मागं, मग तो उजवीकडं का जातो? सर म्हणतात पाठ करा, उलटं असतं. मी म्हणाले बघते. तू हसलीस. तुला वाटलं असेल, बिलोलीच्या कॉलेजात बारावी करून गणितात काठावर पास झालेली बाई, तिला मशीनच्या टिपा घालायच्या सोडून ह्यातलं काय कळणार. पण तू गेल्यावर तुझं अकरावीचं पुस्तक मी कपाटातून काढलं. तुमच्या क्लासला ते लागत नाही, त्यांची स्वतःची जाडजूड पुस्तकं आहेत, म्हणून हे बिचारं घरीच पडून होतं. दुपारी ब्लाऊज शिवून झाले की घेऊन बसायचे. पहिले काही दिवस तर नुसता संताप. कोण लिहितं असली पुस्तकं? "यावरून स्पष्ट होते की" म्हणे. कुणाला स्पष्ट होतं? लिहिणाऱ्याला होत असेल.

मग एक दिवस सोयाबीनची रास चालू असताना मला ते समजलं. ह्या साली माळावरचं शेत आपण आधी पेरलं आणि मग पाऊस जो उघडला तो उघडलाच, त्यामुळं ओढ्याकडचं शेत दोन आठवडे उशिरा पेरलं. बियाणं एकाच पोत्यातलं, माती सारखीच, खतही तेच. रोज सकाळी मी दोन्हीकडून चक्कर मारायचे. ओढ्याकडं जाऊन उभी राहिले की वाटायचं, हे तर मी पाहिलेलं आहे. पाहिलेलंच होतं! माळावर दोन आठवड्यांपूर्वी ते एवढंच होतं. आता बघ, ओढ्याकडचं आजचं सोयाबीन किती उंच आहे हे तुला कुणी विचारलं, तर तू काय करशील? आजच्या तारखेतून दोन आठवडे वजा करशील आणि माळावरचं तेव्हाचं माप सांगशील. वजा इथं आहे, माय. आणि दोन्ही शेतांचा ग्राफ काढलास तर ओढ्याकडचा कुठं येईल? फुलं उशिरा, शेंगा उशिरा, सगळंच पुढच्या तारखांना. म्हणजे उजवीकडं. वजा मागं बघतं आणि ग्राफ पुढं सरकतो. मी तिथं राशीत उभी राहून एकटीच "हां!" म्हणून ओरडले. तुझ्या बाबांना वाटलं साप निघाला, काठी घेऊन धावत आले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं तर म्हणाले, "उशिरा पेरलं, उशिरा आलं. एवढं सांगाया इंग्रजी कशाला पाहिजे?" आणि काठी टेकत परत गेले.

पण मला एक गोष्ट त्यातून लई आवडली, ती तुला सांगायचीच होती. सरकवलेल्या ग्राफचा आकार बदलत नाही. तेवढीच चढण, तेवढाच उतार, फक्त जागा निराळी. ओढ्याकडचा दाणा माळावरच्या दाण्यात मिसळला तर तुझ्या बाबांनाही निवडता आला नसता. मी दोघांचे मूठमूठ दाणे त्यांच्यासमोर धरले, त्यांनी उगाच दोनदा वास घेतला आणि चूक सांगितलं.

त्याच्या पुढचा धडा आरशाचा. डावं ते उजवं होतं तो ग्राफ मला समजायला वेळच लागला नाही, कारण त्यातली चूक मी स्वतः करून बसले होते. पारूबाईचा संक्रांतीचा ब्लाऊज, भारी कापड, जावयानं आणलेलं. कापड कमी होतं म्हणून दुहेरी घडी न घालता मी बाह्या एकेक करून कापल्या, आणि दुसरी कापताना कागद पालथा घालायचा विसरले. बाहीला पुढून खोलगट कापतात, मागून कमी. झालं, दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या! पारूबाई घालून बघायला आली, डावा हात वर होईना तिचा. मी म्हणाले, थांब पारूबाई, हा माझा गणिताचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "गणित गेलं खड्ड्यात, माझी बाही दे." मग जोड लावून दिली कशीबशी. पण तेव्हापासून एक्सच्या जागी वजा एक्स दिसला की मी मनात कागद पालथा घालते. तूही घाल.

आता तिसरा धडा राहिला, खाली-वर करणाऱ्या आरशाचा. आणि तो धडा वाचायला मी का बसले ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. संक्रांतीच्या आठ दिवस आधी तुझा फोन आला होता, तू आपणहून केलेला. इकडचं तिकडचं बोललीस आणि मग म्हणालीस, आई, तू पुस्तक वाचून राहिलीस ना, मग तो ग्राफ खाली-वर उलटा करायचा धडा बघ ना. त्यात चढण असते तिचा उतार होतो. नीट बघ. मला वाटलं तुला अडलंय, मी म्हणाले तिथं एवढे मोठे सर आहेत, त्यांना विचार की. मग "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर तू एकही फोन केला नाहीस.

ह्या तिसऱ्या धड्याआधी मला विहिरीबद्दल लिहू दे, कारण ती नसती तर मला काहीच समजलं नसतं. ग्रामपंचायतीनं विहिरीचं पाणी मोजायचं काम तुझ्या बाबांकडं दिलं तेव्हा तू तिसरीत होतीस. दर सोमवारी ते दोर घेऊन निघाले की तू मागं. दोराला फुटाफुटावर लाल चिंधीच्या गाठी मी बांधून दिलेल्या, टोकाला दगड. काठावरून दोर सोडायचा, दगड पाण्याला टेकला की डबकन आवाज व्हायचा, आणि मग तू गाठी मोजत ओरडायचीस. आकडा तूच खडूनं पंचायतीच्या फळ्यावर लिहायचीस, टाचा वर करून. आकडा लहान म्हणजे पाणी वर, आकडा मोठा म्हणजे पाणी खाली. हिवाळा सरताना आकडा वाढायला लागायचा आणि उन्हाळ्यात तर फळ्याकडं बघून बायका कपाळाला हात लावायच्या. तुला ते कधीच पटलं नाही. तू भांडायचीस त्यांच्याशी, की बाबा, हे उलटं आहे, खालून मोजा ना, म्हणजे पाणी वाढलं की आकडा वाढेल आणि फळा बघून चांगलं वाटेल. आणि ते हसून म्हणायचे, "खालून मोजाया खाली उतरावं लागतंय, बाई. कोण उतरणार? वरून बरं." तू फुगून बसायचीस. मला तेव्हाच वाटलं होतं, ही पोरगी गणिताची होणार.

आणि पारूबाईचा जावई आठवतो का? आठवणारच. पुण्याहून पहिल्यांदा गावात आला, ऐन उन्हाळ्यात, बाबांबरोबर चहा प्यायला गेला तर वाटेत फळा दिसला. महिन्याभराचे आकडे एकाखाली एक, चढत गेलेले. म्हणाला, वा मामा, ह्या उन्हातसुद्धा तुमच्या विहिरीचं पाणी वाढून राहिलंय! भुजंगाच्या हॉटेलात तेव्हा जे हसू फुटलं ते अजून थांबलं नाही. तेव्हापासून गावात कुणी उलटं वाचलं की म्हणतात, "पारूचा जावई झाला काय रे?" तो बिचारा चांगला माणूस आहे, पण त्याचं नाव कुणाला माहीत नाही. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं होतं? तुझे बाबा.

आता ऐक. तुझ्या क्लासकडून दर टेस्टनंतर बाबांच्या फोनवर ग्राफ येतो. निळी रेघ. जुलैत खाली सुरू झालेली, मग थोडी वर, मग आणखी वर. आम्ही दोघांनी ती रेघ पाहिली. रेघच पाहिली. दिवाळीनंतर तर ती अशी चढायला लागली की बाबांना फोन खिशात ठेवणं अवघड झालं. भुजंगाच्या हॉटेलात पेढे वाटले, एकदा नाही, परत दुसऱ्यांदा वाटले. फोनच्या स्टेटसला तुझा ग्राफ लावला. बाजारात कुणी भेटलं की आधी पोरीची रेघ, मग नमस्कार. दर रविवारी तुला फोन करून म्हणायचे, "चढतच चालली की वाघीण!" आणि मीही काही कमी नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिळगुळासोबत तुझा ग्राफ दाखवला. एकदा तू म्हणाली होतीस, आई, तो ग्राफ तसा नसतो गं. मला वाटलं माझी लेक किती नम्र.

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात एका दुपारी मी तिसरा धडा उघडला. पुस्तकातला ग्राफ मला कधीच खरा वाटत नाही, म्हणून म्हटलं घरातलाच एखादा घेऊ. बाबांचा फोन चार्जिंगला होता. तुझी निळी रेघ मी ब्लाऊज कटिंगच्या खाकी कागदावर खडूनं उतरवायला घेतली. नीट उतरवायची तर बाजूचे आकडे पाहिजेत, म्हणून दोन बोटांनी फोनवरचं चित्र मोठं केलं. खाली तीनशे लिहिलेलं आणि वर अकराशे. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? अकराशे मार्क! मग वाटलं, अगं पण एवढ्या मार्कांची परीक्षाच नसते. मग अजून मोठं केलं. आकड्यांच्या बाजूला बारीक अक्षरात आडवं लिहिलं होतं, रँक. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. तीनशेव्या नंबरावरून माझी पोर अकराशेव्यापर्यंत घसरली होती, आणि आम्ही दर पायरीला पेढे वाटत होतो.

मला आधी विहीर दिसली. नंबर म्हणजे वरूनच मोजलेलं माप, तुझ्या पुढं किती पोरं आहेत ते. दोरासारखंच. दोर जास्त लागला म्हणजे पाणी खाली गेलं. मी कागद खाली-वर पालथा घातला. रेघ माळावरून ओढ्यात उतरावी तशी उतरत गेली, दसऱ्यापासून सरळ खाली. दिवाळी, येळवस, संक्रांत. तू जिथं जिथं घरी आली नाहीस तिथं तिथं ती अजून खाली होती. मी मशीनवर डोकं ठेवून रडले. लपवत नाही तुझ्यापासून. नंबर गेला म्हणून नाही गं, तो गेला तर जाऊ दे चुलीत. तू बुडत होतीस आणि आम्ही काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होतो, आणि तू एवढी गुणाची की आमच्या टाळ्यांवर आवाज चढवून कधी ओरडली नाहीस. नुसतं म्हणालीस, आई, तो धडा नीट बघ. बघितला, माय. उशीर झाला, पण बघितला.

बाबांना कसं सांगावं ह्याचा मी विचार करत बसले. ते सोमवारचं पाणी मोजून आले होते. मी विचारलं, आज आकडा किती आला? त्यांनी सांगितला. आणि दिवाळीला किती होता? तोही सांगितला, बराच कमी. मग पाणी वाढलं का घटलं? "येडी झालीस का?" म्हणाले, "आकडा वाढला म्हणजे पाणी घटलं, शेंबड्या पोराला मालूम आहे." मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, हा आकडाही वरूनच मोजलेला आहे. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मग ओट्यावर खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "मग मी पेढे कशाचे वाटले?" त्यांचा चेहरा मला बघवेना. मी आत जाऊन चहा टाकला, तो तसाच गार झाला.

मला भीती वाटली होती की आता ते तुला फोन लावून ओरडतील, नाहीतर क्लासवाल्यांना शिव्या देतील. त्यातलं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोर खांद्यावर टाकला आणि भुजंगाच्या हॉटेलात गेले. हे मला भुजंगाच्या बायकोनं सांगितलं, ह्यांनी नाही. सगळे बसलेले असताना ते उभे राहिले, फोन काढला आणि म्हणाले, "ऐका रे. पोरीची रेघ मी तुम्हाला दाखवून राहिलो होतो ना, ती वरून मोजलेली होती. पोरगी वर गेली न्हाई, खाली गेली. तिनं सांगितलं होतं, मला वाचता आलं न्हाई. मी पारूचा जावई झालो." कुणी हसलं नाही म्हणे. मग भुजंगच म्हणाला, "व्यंकटी, पेढे तर गोडच होते की, बस, चहा घे." आणि बसले. स्टेटस त्यांनी आपल्या हातानं काढलं. तुला ठाऊक आहे ते कसे आहेत, बाजारात चार आण्याची चूकसुद्धा कबूल करत नाहीत. हे का केलं ते मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरगी गावात कधी आली तर तिला कुणाला काय सांगाया लागू नये." आता गावाचं तोंड कसं बघू असं तू म्हणत असशील तर ते काम झालेलं आहे. वाट मोकळी आहे.

पुढचं मी तुला शिकवणार नाही. तुला लातुरातच राहून परत जोर लावायचा असेल तर लाव, मी डबे पाठवत राहीन. ते सोडून नांदेडला यायचं असेल तर तिथंही कॉलेजं आहेत, गणितही तेच आहे, एक्स वजा दोन तिथंही उजवीकडंच जातं. नुसतंच घरी येऊन आठ दिवस झोपायचं असेल तर झोप, तुझी वाकळ उन्हात टाकून ठेवलीय. ह्या वर्षीचं पुढच्या वर्षी गेलं तर काय मोठं आभाळ कोसळतंय? ओढ्याकडचं शेत तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. एवढीच अट आहे, की आता काही झालं तरी आम्हाला धडा बघायला सांगू नकोस. सरळ सांग. आम्ही अडाणी नाही आहोत, पण तुझ्या बाबतीत आमच्या डोळ्यांवर कौतुकाची पट्टी असते आणि ती सोडायला आम्हाला तुझीच मदत लागते.

आता डबा कसा पोचला ते. तो तुझ्या बाबांनी आणला आहे, आणि हे पत्रही. पोरींच्या होस्टेलात बापाला वर सोडत नाहीत, म्हणून त्यांनी ते खाली बाईंकडं दिलं असेल. मी म्हटलं, तुम्ही जाताच आहात तर पत्र कशाला, तोंडानं बोला. तर म्हणाले, "न्हाई, तू लिही. तिच्या पुढं उभा राहिलो आन सवयीनं तोंडातून कितवा नंबर असं निघालं तर? आपल्याला समजलंय हे तिला आधी कळू दे. मग वाटलं तर येईल खाली, न्हाई वाटलं तर न्हाई येणार. मी थांबतो." म्हणून हे पत्र लिहिलं, शिल्पे. खिडकीतून बघ, रस्त्यापलीकडं पांढऱ्या टोपीत उभे असतील, कुणी बसायला सांगितलं तरी बसले नसतील. आज सोमवार आहे, पण विहीर मोजायला त्यांनी भुजंगाला सांगितलंय. आत्ता ते चपला घालून पत्रासाठी दारात थांबलेत, मी विचारलं, सांजच्या गाडीनं परत येणार ना? तर म्हणाले, "बघू. पोरगी लहानपणापासून सांगून राहिली होती, बाबा, खालून मोजा. आता उतरतो खाली."

तुझीच,
आई